झाकण उघडू नका

मराठी स्वयंपाकघरात एक घड्याळ भिंतीवर असतं आणि दुसरं कुकरच्या डोक्यावर. भिंतीवरचं हमखास पाच मिनिटं पुढे लावलेलं असल्यामुळे त्याच्यावर कुणाचा विश्वास नसतो. खरा कारभार शिट्ट्यांवर चालतो. आंघोळीला जाणारा माणूस "दोन झाल्यात, अजून एक झाली की बंद कर" असं सांगून जातो, आणि ज्याला सांगितलं तो पेपरात कितीही बुडालेला असला तरी तिसऱ्या शिट्टीला उठतो. आपण ऐकलं नाही तर शेजारी ऐकतात. आमच्या साताऱ्याच्या घरी भिंतीपलीकडून "वहिनी, पाच झाल्या हो!" अशी हाक यायची आणि आई इकडून ओरडायची, "वाघ्या घेवडा आहे!" पाच शिट्ट्या झाल्या की खुलासा द्यावा लागतो.

अशा वातावरणात वाढलेल्या माणसाच्या ओट्यावर अमेरिकेत कधीतरी स्लो कुकर येऊन बसतो. बहुधा तो विकत घेतलेला नसतोच. गाव सोडून जाणारं एखादं कुटुंब "तुम्हाला होईल" म्हणून देऊन जातं. जड, लंबगोल, चिनीमातीचं भांडं. भोवती तापणारं कवच. वर काचेचं झाकण आणि समोर एक खुंटी. बंद, वॉर्म, लो, हाय. संपलं. शिट्टी नाही, फसफस नाही, साध्या मॉडेलला 'झालं' म्हणून वाजणारी घंटासुद्धा नाही. वीज लागते तीही दोन-तीनशे वॉटच्या आसपास. लो आणि हाय यांत मोठा फरक असेल असं वाटतं, पण दोन्ही शेवटी उकळीच्या किंचित अलीकडे येऊन थांबतात. हाय तिथे तीन-चार तासांत पोचतो, लो सात-आठ तास लावतो. आणि सोबतच्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत सूचना असते की झाकण उघडू नका. एकदा उघडलं की साठलेली वाफ आणि ऊष्मा जातो, आणि एवढ्याशा विजेवर तो परत मिळवायला वीस मिनिटं ते अर्धा तास जातो.

ज्याने ही सूचना लिहिली त्याने माझ्या आईला पाहिलेलं नव्हतं.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेच्या उपनगरात राहतो. इथे सप्टेंबर सरत आला की सगळ्या देशाच्या अंगात भोपळा येतो. कॉफीत भोपळा, पावात भोपळा, बिअरमध्ये भोपळा, हात धुवायच्या साबणात भोपळा, मेणबत्तीत भोपळा, कुत्र्याच्या बिस्किटात भोपळा. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याचशा वस्तूंत भोपळ्याचा अंश नसतो. असतो तो 'पम्पकिन पाय स्पाइस'. मॅकॉर्मिक कंपनीने १९३४ साली तो बाटलीत भरून विकायला काढला, म्हणजे भोपळ्याचा पाय करणाऱ्या बायकांना चार बरण्या उघडायला नकोत. पुढे २००३ साली स्टारबक्सने तो कॉफीत घातला आणि देश वेडा झाला. त्या कॉफीत खरा भोपळा आला २०१५ मध्ये. तोवर बारा वर्षं लोक भोपळ्याच्या नावाने दालचिनी पीत होते आणि कुणाची तक्रार नव्हती.

आई ऐन या मोसमात आली. दुसऱ्याच दिवशी तिने मसाल्याची ती छोटी बाटली उघडून हुंगली, मग चष्मा लावून बाटलीवरचं बारीक अक्षर नातीकडून वाचून घेतलं.

"दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग," नात म्हणाली. आणखी एक नाव होतं, ऑलस्पाइस, त्याचं मराठी तिला आलं नाही आणि मलाही आलं नाही.

"आणि भोपळा?"

"भोपळा नाही, आजी."

"मग भोपळ्याचा मसाला कसा म्हणतात?"

"अहो आई," माझी बायको फ्रिजमध्ये डोकं घालून म्हणाली, "पावभाजी मसाल्यात तरी पाव कुठे असतो?"

यावर आई गप्प बसली. ती गप्प बसते तेव्हा मुद्दा मान्य झालेला नसतो, पुढच्या सुनावणीसाठी राखून ठेवलेला असतो.

आमच्याकडे भोपळ्याचं ओटमील शिरलं ते मात्र हौसेने नव्हे, गरजेने. बायको हॉस्पिटलात नोकरीला, सकाळी सहाला बाहेर पडते. मुलीची बस सातला. मी आठला. तिघांची न्याहारी तीन वेळी, आणि ऑक्टोबरात बाहेर असा अंधार नि गारठा की थंड दुधात कुरमुऱ्यासारखं काहीतरी बुडवून खाण्याच्या कल्पनेने दात वाजावेत. रात्री दहाला भांड्यात सगळं ओतायचं, खुंटी लो वर फिरवायची, झोपायचं. सकाळी घरभर दालचिनीचा वास आणि भांड्यात गरम लापशी. ज्याने त्याने उठून वाढून घ्यावी, उरलेली वॉर्मवर राहते. कुणी कुणासाठी ओट्याशी उभं राहायचं नाही.

आता ओट्स. भारतात ओट्स बहुधा डॉक्टरांच्या चिठ्ठीबरोबर घरात येतात. त्यांतल्या बीटा-ग्लुकन नावाच्या विरघळणाऱ्या तंतूमुळे, बाकी आहारात चरबी बेताची असेल तर, हृदयविकाराचा धोका कमी व्हायला मदत होते, असं खोक्यावर छापायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली परवानगी दिली. तेव्हापासून पन्नाशीतल्या माणसाला ओट्स चुकलेले नाहीत. आपण त्यांना कांदा, मटार, हळद घालून उपम्याच्या वेषात आणलं आणि शांतपणे गिळलं. आईच्या लेखी ओट्स हे बाबांचं औषध होतं. त्यात मीठ घालायचं की नाही एवढाच तिचा त्यांच्याशी संबंध.

पण इथल्या दुकानात ओट्सच्या पुढ्यात उभं राहिलं की आपल्याला पोह्यांची कोठी आठवते. रोल्ड ओट्स म्हणजे वाफवून रुळाखाली चपटे केलेले. ते आपले जाड पोहे. क्विक म्हणजे पातळ पोहे. इन्स्टंट म्हणजे गरम पाणी दाखवलं की मान टाकणारे. आणि स्टील-कट म्हणजे पोहे नव्हेतच, त्या कण्या. सोललेल्या दाण्याचे पोलादी पात्याने केलेले दोन-तीन तुकडे, टणक, तपकिरी, शिजायला हट्टी. स्लो कुकरला हेच लागतात. रोल्ड ओट्स सात तास आत ठेवले तर सकाळी त्यांची ओळख पटत नाही. कण्या मात्र रात्रभर झुंज देऊन सकाळी मऊ, तरी दाताला लागणाऱ्या अशा मिळतात. एक वाटी कण्यांना चार वाट्या पाणी आणि दूध, वाटीभर भोपळ्याचा गर, चमचा-दीड चमचा तो मसाला, मीठ, आणि गोडाला मेपलचा पाक किंवा ब्राउन शुगर. मीठ विसरू नये. गोड पदार्थात मीठ कशाला असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा ते न घालता खाऊन पाहावं. आजाऱ्याला भेटायला गेल्याचा अनुभव येतो.

ओट्सचे खरे सोवळे लोक स्कॉटलंडात आहेत. तिथल्या कारब्रिज या खेड्यात १९९४ पासून दर शरद ऋतूत ओट्सची लापशी करण्याची जागतिक स्पर्धा भरते. मुख्य गटात फक्त ओट्स, पाणी आणि मीठ. दूध नाही, साखर नाही. बक्षीस म्हणजे सोनेरी स्पर्टल, ही लापशी ढवळायची काठी. भोपळा टाकून, झाकण लावून, झोपायला निघून जाणारा माणूस त्यांना वेशीवरूनच परत पाठवावासा वाटेल. पण त्यांनीही पळवाट ठेवली आहे. दुसरा एक गट आहे, त्यात ओट्स असले म्हणजे झालं, बाकी काय घालाल ते घाला. सोवळ्यातला धाबळीचा पर्याय सगळ्या संस्कृतींत असतो.

भोपळ्याकडे वळू. दुकानात टिनांची भिंत रचलेली असते आणि तिच्यात दोन प्रकारचे टिन शेजारी शेजारी, जवळजवळ एकसारखे दिसणारे: एकात नुसता शिजवून वाटलेला भोपळा, दुसऱ्यात पायसाठी आधीच साखर-मसाला घातलेला. घाईत दुसरा उचलला जातो. हे सगळ्या अमेरिकेचं होतं, म्हणून लोक टिन हातात घेऊन स्तोत्र पुटपुटल्यासारखे लेबल वाचताना दिसतात. या देशातला बहुतेक डबाबंद भोपळा येतो आमच्याच राज्यातून. इथून अडीच तासांवर पिओरियाजवळ मॉर्टन नावाचं गाव आहे, तिथे लिबीज कंपनीचा भोपळ्याचा कारखाना आहे, आणि १९७८ साली इलिनॉयच्या गव्हर्नरांनी त्या गावाला जगाची भोपळा-राजधानी म्हणून जाहीर केलं. राजधानी म्हटल्यावर रायगड आठवणाऱ्या माणसाने तिथे जाताना अपेक्षा जरा आवरून जावं. पण त्या एका परिसरावर देशाचा पाय अवलंबून आहे हे खरं. २००९ साली तिथे पावसाने शेतं चिखलात गेली, ट्रॅक्टर आत जाईनात, आणि पुढे देशभर टिनांची टंचाई झाली.

त्या टिनातला भोपळा दिसायला हॅलोवीनच्या भोपळ्यासारखा नसतोच. डिकिन्सन जातीचा, लांबोडका, फिक्या बदामी सालीचा असतो तो. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात तो आणि आपला तांबडा भोपळा एकाच जातकुळीचे, कुकुर्बिटा मोस्काटा. कुणी त्याला डांगर म्हणतं, कुणी गंगाफळ, कुणी काशीफळ, पण काशीशी त्याचा संबंध उशिराचा. मूळ घराणं अमेरिका खंडातलं. कोलंबसानंतर समुद्र ओलांडून आपल्याकडे आलं आणि इतकं मुरलं की आज एकादशीला भोपळ्याचं भरीत चालतं आणि ओट्स चालत नाहीत. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आला असेल कुठूनही, उपासाला लागला म्हणजे आपला."

तर अशा रीतीने सगळं भांड्यात पडलं, खुंटी फिरली आणि आम्ही दिवे मालवायला लागलो. आई जागची हलेना.

आमच्या घरची रात्रीची पद्धत तिने आयुष्यभर चालवलेली. गॅसच्या दोन्ही शेगड्या बंद. मग रेग्युलेटर बंद. मग दाराची कडी. मग परत येऊन रेग्युलेटर बंद आहे का ते हाताने चाचपून पाहणं. मग अंथरुणावर पडल्यावर "अहो, गॅस बंद केला होता ना?" या घराण्यातली सून आणि मुलगा एक भांडं चालू ठेवून, राजरोस, वरच्या मजल्यावर झोपायला निघाले होते.

"कोण बघणार याच्याकडे?"

"कुणी बघायचं नसतं, आई. तेच तर त्याचं वैशिष्ट्य."

"ढवळायचं कोणी?"

"ढवळायचं नसतं."

"लागलं म्हणजे?"

"लागत नाही. म्हणजे, फारसं नाही."

हे 'फारसं' तिने उचलून ठेवलं.

त्यातून नातीने माहिती पुरवली. 'धिस इज अस' नावाची इथली एक मालिका होती, त्यात सगळ्यांच्या लाडक्या नायकाचं घर जळतं आणि त्यापायीच तो जातो. आग लागते जुन्या स्लो कुकरच्या बिघडलेल्या बटणामुळे. २०१८ च्या जानेवारीत तो भाग लागला आणि लोकांनी खरोखर घरातले स्लो कुकर उचलून कचऱ्यात टाकल्याचं लिहायला सुरुवात केली. मालिकेत ब्रँडचं नावही नव्हतं, तरी क्रॉक-पॉट नावाचा स्लो कुकर विकणाऱ्यांना घाईघाईने ट्विटरवर खातं उघडून आपली भांडी निर्दोष असल्याचं सांगत बसावं लागलं. शेवटी त्याच नायकाला स्लो कुकरशेजारी हसत उभं करून जाहिरात केली तेव्हा कुठे लोक शांत झाले. मी आईला म्हटलं, "मालिका होती ती." चुकीच्या बाईला सांगितलं. गेली वीस वर्षं संध्याकाळी सात ते दहा जी बाई मालिका पाहते, तिला 'मालिकाच होती' हा बचाव ऐकवून काय उपयोग? मालिकेत मेला म्हणजे मेलाच.

रात्री जिन्यावर पावलं वाजली. मग स्वयंपाकघरातला दिवा. मग चिनीमातीवर काच टेकल्याचा तो बारीक, ओला आवाज.

सकाळी ओट्स कच्चे. कण्या दाताखाली वाजत होत्या आणि वर पाण्याचा थर. स्लो कुकरशेजारी बशी, बशीत डाव, डावाला भोपळा.

"आई, झाकण उघडलं होतंस?"

"छे! उघडलं नाही मी. नुसतं सरकवलं."

यात लबाडी नाही. तिच्या दृष्टीने झाकण उघडणं म्हणजे काढून बाजूला ठेवणं. सरकवून वास घेणं, फटीतून डाव घालून बुडाशी एक फेरा मारणं, थेंबभर तळहातावर घेऊन चाटणं हे उघडण्यात मोडत नाही, ती देखरेख झाली. आणि आपला सगळा स्वयंपाक देखरेखीवर उभा आहे. दूध उतू जाईल म्हणून उभं राहायचं, फोडणी करपेल म्हणून उभं राहायचं, पिठलं गुठळेल म्हणून हात थांबवायचा नाही, पाक दोनतारी झाला का म्हणून बोटात धरून बघायचा. ज्या भांड्याला आपली काहीच गरज नाही त्याच्यापुढे या बाईने काय करावं? काचेचं झाकण ठेवून कंपनीने आणखी छळ केला आहे. वाटतं की दिसेल. आणि वाफ धरून ते असं पांढरं होतं की आत भोपळा आहे की भांड्याने संप पुकारलाय ते कळत नाही.

वास्तविक हे भांडं एका आईच्याच आठवणीतून जन्मलं. अर्व्हिंग नॅक्सन नावाचा ज्यू इंजिनिअर इथेच शिकागोत होता. त्याच्या आईने त्याला लिथुआनियातल्या आपल्या माहेरची गोष्ट सांगितली होती. शनिवारी, शब्बाथच्या दिवशी, चूल पेटवायची नाही आणि काम करायचं नाही. मग शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत घरोघरच्या बायका कडधान्य आणि मांसाचं भांडं गावातल्या बेकरीत नेऊन ठेवायच्या. भट्टीच्या उरल्यासुरल्या धगीवर ते रात्रभर शिजायचं आणि शनिवारी गरम चोलेंट ताटात. नॅक्सनने विचार केला, ती धग टेबलावर आणता येईल. त्याला १९४० मध्ये पेटंट मिळालं. 'नॅक्सन बीनरी' या नावाने ते विकलं जाई. पुढे १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये तेच भांडं 'क्रॉक-पॉट' होऊन बाजारात आलं. बायका नोकरीला बाहेर पडत होत्या. सकाळी भरून ठेवावं आणि संध्याकाळी जेवावं, हे लोकांना पटलं.

आपल्याकडेही चूल न पेटवण्याचा दिवस आहेच, श्रावणातली शिळासप्तमी. आपण तो प्रश्न आदल्या दिवशीचं गार खाऊन सोडवला. आणि कुणी न बघता शिजवण्याचं यंत्र आपल्याकडे नॅक्सनच्याही आधी निघालं होतं. कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास इकमिक कुकर काढला. उभा नळकांडा, आत एकावर एक डबे, खाली निखारे. भात-डाळ-भाजी लावून कामाला जावं, परत येईपर्यंत सगळं तयार. तो बहुतकरून एकट्या राहणाऱ्या पुरुषांच्या खोलीत असायचा. का ते उघड आहे. घरात बाई असती तर तिने डबे उघडून पाहिले असते. लिथुआनियातल्या बेकरीलाही रात्री कुलूप असणार, एरवी चोलेंटची परंपरा एवढी टिकली नसती.

हे सगळं मी आईला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्या बेकरीत भांड्याच्या कडेला लागायचं नाही का?"

कारण कडेला लागतं. हे मान्यच करायला हवं. भोपळ्यात साखर, दुधात साखर, वरून मेपलचा पाक, आणि भांड्याचं तापणं कडांकडून. सकाळी भिंतीला चारही बाजूंनी एक तपकिरी, चिवट पट्टा धरलेला असतो आणि तो भिजवून, खरवडून काढता काढता 'कुणाला काही करावं लागत नाही' या वचनाची किंमत वसूल होते. लोणी चोपडलं तर थोडा फरक पडतो. आईने दुसऱ्या रात्री आम्हाला बाजूला केलं. सगळं मिश्रण एका स्टीलच्या डब्यात घातलं, डबा चिनीमातीच्या भांड्यात ठेवला, डब्याभोवती अर्ध्यापर्यंत पाणी ओतलं, काचेचं झाकण लावलं.

"हा तर कुकरच लावलास," मी म्हटलं.

"मग? नावाप्रमाणे वागायला नको त्याने?"

सकाळी कडेला काही नाही, बुडाशी काही नाही, कण्या मऊ. इथल्या अनुभवी बायकाही काचेचा वाडगा असाच पाण्यात ठेवतात, हे मला माहीत होतं पण त्या घडीला सांगण्यात शहाणपण नव्हतं. शिवाय आता झाकण सरकवायचं कारणही उरलं नव्हतं, कारण डब्यातलं लागणार नाही याची हमी तिची स्वतःची होती. आमच्या जिन्यावरची पावलं बंद झाली.

स्लो कुकरवर हक्क बसल्यावर ती त्यात साताऱ्याहून आणलेला वाघ्या घेवडा टाकायला निघाली. तिथे मात्र मी आडवा आलो. राजमा-घेवड्याच्या कुळात एक विषारी प्रथिन असतं, ते खळाखळा उकळल्यावर मरतं. स्लो कुकरच्या मंद धगीत ते मरत नाही. आधी भिजवायचं, पाणी टाकून द्यायचं, ताज्या पाण्यात दहा मिनिटं तरी सडकून उकळायचं आणि मग हवा तेवढा वेळ आत ठेवायचं. "म्हणून पाच शिट्ट्या," आई म्हणाली. वाघ्या घेवड्याची ती जुनी हाक आता तिने शास्त्राधाराने सिद्ध केली होती.

चवीचं सांगतो. मसाला बाटलीवर लिहिल्याइतका घातला की ओटमीलला दुकानातल्या मेणबत्तीचा वास येतो; निम्मा घालावा. मेपलचा पाक छान असतो, पण भोपळ्याला गूळ जसा भेटतो तसा पाक भेटत नाही. वर तुपाचा गोळा सोडला तर तो वितळत कण्यांच्या फटींत उतरतो, आणि मग पेकनचे तुकडे, बेदाणे वगैरे मंडळी आली नाहीत तरी चालतं. इथपर्यंत आम्ही सगळे एकमताने होतो. मग एका रविवारी आईने गोडाचा भाग गाळून नुसत्या कण्या आणि भोपळा शिजवला, आणि सकाळी वरून तुपात मोहरी, मेथीचे दाणे, हिंग, दोन लाल मिरच्यांची फोडणी ओतली. मेथी भोपळ्याला हवीच, हे तिचं मत दालचिनीच्या सुनावणीपासून राखून ठेवलेलं होतं. त्या चरचर आवाजासरशी मुलगी वरून धावत आली. माझं प्रामाणिक मत असं की भोपळ्याच्या ओटमीलचं भवितव्य याच दिशेला आहे आणि न्याहारीला गोड खाण्याचा हट्ट अमेरिकेने सोडावा. बायकोचं मत वेगळं आहे. आमच्याकडे आता आठवड्याची वाटणी झालेली आहे.

हॅलोवीन जवळ आलं आणि गल्लीतल्या प्रत्येक पायरीवर भोपळे येऊन बसले. आईला फिरायला नेलं की ती त्यांच्याकडे मंडईतल्या नजरेने बघे. "एवढे भोपळे दारात पडलेत आणि भाजीला टिनातला आणता?" कोरायचे भोपळे वेगळे असतात, पातळ गराचे, पाणचट, दोरे दोरे निघणारे, हे मी सांगून पाहिलं. पण नातीने एक आणला तेव्हा आईने सुरी पुढे करून मला हाक मारली. आमच्याकडे अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी पुरुषाने लावायची असते. मी सुरी लावली, मुलीने त्याला डोळे-दात काढले, आतलं दोऱ्यांसकट बी वर्तमानपत्रावर पडलं आणि ते कचऱ्याकडे निघण्याआधी आईच्या हातात होतं. धुवून, कोरडं करून, तव्यावर मीठ-तिखट लावून भाजलं. शेजारच्या आजीबाई त्यातलं मूठभर खाऊन म्हणाल्या की त्यांची आईही असंच भाजायची, फक्त तिखट नसायचं. मग दोघी बराच वेळ आपापल्या भाषेत बोलत उभ्या होत्या, आणि मधेच दोघींनी मिळून पायरीवरच्या त्या कोरलेल्या भोपळ्याकडे पाहून मान हलवली.

राहता राहिला अर्धा टिन. दर वेळी टिनातला निम्माच गर लागतो आणि उरलेला वाटीत, वर प्लास्टिक ताणून, फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात जातो. अमेरिकेतल्या निम्म्या फ्रिजांत अशी एक वाटी ऑक्टोबरात शिरून नाताळाला सापडत असावी. आमच्याकडे ती टिकेना, कारण आईने तिचे घारगे सुरू केले. किसलेल्या भोपळ्याच्या घारग्यांपेक्षा हे अवघड. टिनातला गर सैल असतो, त्यात गूळ विरघळला की तो आणखी पातळ होतो आणि कणीक कितीही घाला, बोटांना चिकटत राहते. तिने आधी तो गर कढईत तुपावर परतून त्यातलं पाणी उडवलं, मग गूळ, मग जराशी तांदळाची पिठी, आणि वेलदोड्याऐवजी त्या बाटलीतला मसाला. हो, तोच. घारगे टम्म फुगले. "सुंठ आणि जायफळ असतंच की यात," ती म्हणाली. "बाटली वाईट नाही. नाव तेवढं चुकलंय."

परत जायची वेळ आली तेव्हा तिला स्लो कुकर हवा होता. इथलं भांडं एकशेवीस व्होल्टवर चालतं आणि साताऱ्यात दोनशेतीस येतात, तिथे ते लावलं तर मालिकेतल्यासारखं होईल, एवढं सांगितल्यावर तिने तो नाद सोडला. मग बॅगेत टिन भरायला घेतले. एकेक टिन अर्ध्या किलोच्या आसपास, बॅगेची मर्यादा तेवीस किलो, आणि चॉकलेटं, व्हिटॅमिनच्या गोळ्या, भाचरांचे बूट हे सगळं हळूहळू बाहेर येत होतं. साताऱ्याहून बाबा व्हिडिओ कॉलवर हे बघत होते.

"अगं, परसात वेलावर भोपळे लोंबतायत," ते म्हणाले. "शेजारीपाजारी वाटून वाटून मी दमलो. लोक आता मला बघून दार लावून घेतात. आणि तू तिकडून टिनात भरून आणतेस?"

"त्यांची सालं कोण काढणार?" आई म्हणाली, आणि दोन टिनांमधल्या फटीत मोजे कोंबले.